आधी विचारलेला प्रश्न

बेगडेवाडी,
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय नूर,

सलाम. अम्मीचा गुडघा बरा आहे, म्हणजे ती तसं सांगते. तू लावलेला कढीपत्ता शेळीनं फस्त केला. अब्बा दोन दिवस शेळीशी बोलले नाहीत.

माझं विद्यापीठातलं काम तुला विचित्र वाटतं, ठाऊक आहे. अणूच्या पोटातल्या कणांसाठी शोधलेलं क्वांटम गणित मी माणसांच्या मनाला लावून बघतो. यंदा पवनानगरला दीडशे जणांना दोनच प्रश्न विचारले: शेजाऱ्यावर भरवसा आहे का, आणि गावावर आहे का. निम्म्यांना उलट क्रमानं विचारले, तर उत्तरं बदलली. उत्तर मनात आधीपासून तयार नसतं, विचारताना घडतं, आणि पहिला प्रश्न दुसऱ्याला वळण देतो, असं हे गणित धरून चालतं. मासे विकणाऱ्या सरुबाई हसल्या. "येवढं शिकून हेच कळलं व्हय? लेकराला आधी दटावलं अन् मंग भूक लागली का इचारलं, तर ते न्हाईच म्हननार."

ते वहीत लिहिलं आणि पुढच्या घरी गेलोच नाही. पवना धरणाच्या कडेला बसून राहिलो.

नूर, स्टेशनावर चहा विकणारा अजीम परवा सांगत होता, तू लोणावळ्याच्या सासरहून इथवर आलीस, स्टेशनातल्या बाकावर तासभर बसलीस आणि परत गेलीस. घर दहा मिनिटांवर. अम्मीला मी सांगितलेलं नाही.

निकाहच्या दिवशी तुझ्या वतीनं बोलणारे वकील आणि साक्षीदार तुझी संमती विचारायला येणार होते. तू रडत होतीस, म्हणून अब्बांनी मला आधी आत पाठवलं. नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचं पत्र तुझ्या उशीखाली होतं, हे मला माहीत होतं. मी विचारलं, "अब्बांना चारचौघांत मान खाली घालावी लागली तर चालेल तुला?" तू नाही म्हणालीस. मग विचारलं, "निकाहला राजी आहेस ना?" तू मान हलवलीस. बाहेर येऊन मीच सांगितलं, राजी आहे.

नकळत झालं, असं सहा वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. प्रश्नांच्या क्रमावरचा माझा पहिला निबंध त्याच महिन्यात लिहून झाला होता. मला होकार हवा होता, आणि तो कसा मिळवायचा ते मला येत होतं. फार लाज वाटते गं.

आता एकच विचारतो. तुला तिथं राहायचंय का? नाही म्हणालीस तर अब्बांशी मी बोलेन, त्यांची मान खाली जाईल का, हा प्रश्न तुझा नव्हताच. ठरलं नसेल, तरी पुढच्या वेळी बाकावरून उठून घरी ये. कोणी काही विचारणार नाही.

हे आधी विचारायला सहा वर्षं लावणारा
तुझा भाई,
नवाज