त्याच सुईनं

योगिनी,

हे पत्र तुझ्या सासरी, सांगवीला, पाठवायचं धाडस नाही. तुझ्या लग्नाआधी जत्रेत आपण दंडावर सारखंच मोरपीस गोंदून घेतलं. आधी मी, मग त्याच सुईनं तू. आता मला कावीळ झालीय, हिपॅटायटिस सी, सुईवरच्या रक्तातून पसरणारी. आरोग्य खात्याच्या सुमनताई सारख्या विचारतात, "गोंदताना बरोबर कोण होतं?" एकटाच होतो म्हणालो, तरी बाई हलत नाहीत. शिफ्टमध्ये लक्ष लागत नाही.

आज तुझं नाव सांगून टाकलं. ते कुणी दिलं, हे त्या तुझ्या घरी बोलणार नाहीत. गोळ्यांनी हे बरं होतं म्हणे. रक्त तपासून घे. आणि सुमनताईंनी गोंदणाचं विचारलं, तर तेवढ्या वेळेला बाही खाली ओढू नकोस.

जत्रेतला,
गणराज