गच्चीवरची मासेमारी

वासणा, बडोदे

प्रिय सौ. कुसुमावतीस,

इकडे लेक-जावई मला फुलासारखं जपतात. माझ्या आखडलेल्या खांद्याची काळजी करू नकोस, त्यासाठी मला मास्तरीण मिळाली आहे!

मोबाइलवर एक परदेशी आजीबाई गार नदीत उभ्या राहून मासेमारी शिकवतात. गळाला पिसांची खोटी माशी. दोरी मागे भिरकावायची, हवेत सरळ होईतो थांबायचं, मग पुढे सोडायची. त्यांची भाषा कळत नाही, पण हात काय चालतो गं! तू पुरणपोळी लाटतेस तसा, जोर कुठे दिसतच नाही.

मी गच्चीवर वेताची काठी घेऊन सराव करतो. गळ नाही, लोकरीचा गोंडा बांधलाय. काल तो शेजारच्या इलाबेनच्या वाळत्या चादरीत अडकला. त्या म्हणाल्या, "काका, माछली तो मोटी मळी!" म्हणजे, मासा तर मोठा गावला!

डॉक्टर म्हणाले होते, हात खांद्याच्या वर बहुधा जाणार नाही. तुला कळवलं नव्हतं. आज आजीबाईंच्या नादात तो डोक्यावर गेला. दुखला, पण गेला.

तुझे गुडघे कसे आहेत? पापडाचा डबा वरच्या फळीवरच राहू दे, मी येऊन काढून देईन. तोवर स्टुलावर चढू नकोस.

तुझाच,
प्रतापसिंह