डिसेंबरचं तेल ऐंशी डॉलर

३ जानेवारी
शोध लागला! पेपरात, मागच्या पानावर, बारीक टायपात. आत्ताचं क्रूड सत्तर डॉलर, मार्चमध्ये मिळणारं बहात्तर, असं चढत चढत डिसेंबरचं ऐंशी. भाव वाढणार हे उघड छापून येतं आणि लोक शब्दकोडं सोडवत बसतात. वीस वर्षं भूगोल शिकवतोय. तेल कुठे निघतं ते मला विचारा.

४ जानेवारी
मेहुणा ब्रोकर आहे, त्याच्याकडे खातं उघडलं. म्हणाला, भाऊजी, पुढच्या भावात तेल साठवायच्या टाकीचं भाडं आणि व्याज धरलेलं असतं. भाव वाढेलच असं कुणी लिहून दिलेलं नाही. पुढचा भाव असा चढा असला की त्याला कॉन्टँगो म्हणतात म्हणे. नाव तापाचं वाटतं. जळतो माझ्यावर.
मार्चचं घेतलं. किचन दुरुस्तीचे पैसे वापरले. बायकोला सरप्राइज.

८ जानेवारी
शाळेत राजीनामा. सत्र संपलं की मोकळा. मुख्याध्यापिकाबाई फोनवर होत्या, खुणेनेच ‘टेबलावर ठेवा’ म्हणाल्या. धक्का बसला असणार.

१९ फेब्रुवारी
मार्चच्या तेलाची मुदत आधल्या महिन्यातच संपते, ती संपली. बहात्तरचं आजच्या भावाला, म्हणजे सत्तरला येऊन टेकलं. किरकोळ. एप्रिलचं घेतलं, बहात्तरला.

२० मार्च
एप्रिलचंही सत्तर. तेल जागचं हललेलं नाही, पैसे मात्र चालले. मेचं घेतलं. निश्चय: मेहुण्याचा फोन उचलायचा नाही.

१९ एप्रिल
पुन्हा तेच. पण आता यंत्रणा कळली! पुढचं तेल घसरतंच, तर घ्यायचं कशाला? विकायचं! जूनचं विकून टाकलं. माझ्याकडे नसलेलं तेल विकलं, घसरलं की स्वस्तात घेऊन देऊ. हे डोकं शाळेत फुकट गेलं.

२५ एप्रिल
कुठेतरी पाइपलाइन फुटली. सगळ्यांना तेल आत्ताच हवंय. जूनचं नव्वद, डिसेंबरचं पंच्याहत्तर. जवळचं महाग, लांबचं स्वस्त. पेपर उलटा धरून पाहिला. मेहुण्याच्या ऑफिसातून फोनवर फोन: खात्यात पैसे भरा. कुठले भरणार? त्यांनी सौदा बंद केला. खातं रिकामं.

२६ एप्रिल
बायकोला सांगितलं. ती ओरडली नाही, हे वाईट. म्हणाली, पैसे गेले ते गेले. पण गळक्या सिंकखालची बादली मी रोज उपसतेय आणि तू शीळ घालत बाजूने जात होतास.
बादली मी ओतली.

२८ एप्रिल
राजीनामा परत मागायला गेलो. बाई म्हणाल्या, कुठला राजीनामा? त्यांना तो सहलीचा अहवाल वाटला होता. वाचलाच नव्हता. तीन पानी होता!

५ मे
शेवटी मेहुण्याला माझी किंमत कळली. रविवारी त्याचं नव्या गुंतवणूकदारांसाठी व्याख्यान आहे, मला स्टेजवर बोलावलंय. विचारलं, किती वेळ बोलू? म्हणाला, बोलायचं नाही भाऊजी. तुम्ही नुसतं उभं राहायचं, मी बोट दाखवीन.
कोट इस्त्रीला टाकला.