हळू हाताने

प्रिय टकळे,

तुझं पत्र मंगळवारी आलं आणि आज रविवार. एवढ्यात तुझ्या मला दहा वेळा शिव्या घालून झाल्या असतील. घाल. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा तब्येतीची चौकशी, लेकीची चौकशी, गुडघ्याची चौकशी असं करत पान भरलं आणि फाडून टाकलं. आज आधी तेच लिहिते जे अठरा वर्षं लिहिलं नाही. काकांच्या, तुझ्या बाबांच्या, शेवटच्या दिवसाबद्दल आहे. दरवर्षी त्या तारखेला तुझं पत्र येतं, आणि त्यात ते एक वाक्य असतं, की तू होतीस म्हणून बाबांसाठी कुणीतरी शेवटच्या क्षणापर्यंत लढलं. ते आभार मला तुला परत करायचे आहेत. ते केल्यावर तू माझी राहशील की नाही, ठाऊक नाही. या वयात तुझ्याशिवाय मला जुनं असं कुणी उरलेलं नाही, एवढं मात्र तुला माहीत असू दे.

तुला आठवतं, बोर्डिंगमध्ये दर शनिवारी घरी पत्र लिहायला बसवायचे, आणि पाकीट बंद करण्याआधी ते मदरला वाचायला द्यायचं? तू तरीही लिहायचीस, सूप पाणचट आहे, गणिताची सिस्टर चिमटे काढते. मग तुझं पत्र फाडलं जायचं आणि तू पुन्हा तेच लिहायचीस. मी मात्र पहिल्याच महिन्यात शिकले. माझ्या पत्रात हवा चांगली असायची, अभ्यास चांगला असायचा, मी चांगली असायचे. मदर वर्गासमोर माझं पत्र नमुना म्हणून वाचायची. काकांनी ते ऐकलं तेव्हा पोट धरून हसले होते. भेटीच्या रविवारी माझ्या घरून कुणी येत नसे, तर काका दोघींसाठी खाऊ आणायचे, एकसारखा, हातरुमालसुद्धा एकाच रंगाचे. तू बडबड करायचीस, मी नुसती बघत बसायचे, म्हणून तू टकळी आणि मी घुमी. "ही घुमी एक दिवस बोलेल तेव्हा आपण सगळे खुर्चीवरून पडू," असं काका म्हणायचे. त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात आपण सुट्टीत जायचो, टाइपरायटरच्या पोटातले दात बघायला. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायचे, कुठलं अक्षर अडकतंय ते.

मी नर्स होते त्या वॉर्डात ते पेशंट म्हणून आले तेव्हाही कान तसेच होते. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, पोरी, तुझ्या औषधांच्या गाडीचं मागचं डावं चाक रडतंय, तेल घाल त्याला. बाकी काही शाबूत नव्हतं. आजार हाडांत पसरलेला, फुप्फुसात पाणी, कूस बदलायची तर आम्ही दोघी-तिघी मिळून चादरीसकट बदलायचो. मोठ्या डॉक्टरांनी तुला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं, की आता आठवडे आहेत, आणि हृदय थांबलं तर छाती दाबून ते परत चालू करायचा प्रयत्न करू नये, त्यात त्रासच होईल. तू काय बोललीस ते सगळ्या मजल्याने ऐकलं. "तुम्ही हात वर करा, मी करणार नाही! ते माझे वडील आहेत, जुनं मशीन नाही भंगारात काढायला!" डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं, सर्व प्रयत्न करावेत. मी पाच पावलांवर होते. मी काहीच बोलले नाही.

मला बोलण्यासारखं काय होतं, ते सांगते. त्याच्या दोन दिवस आधी त्यांच्या शेजारच्या पलंगावरचा शिंपी गेला. आम्ही पडदा ओढून त्याची छाती दाबली, पूर्ण जोराने, जशी दाबायची असते तशी. बरगड्या मोडतात, टकळे. माझ्या हाताखाली किती मोडल्या असतील याची मोजदाद नाही. तो वाचला नाही. दुसऱ्या दिवशी मी काकांचं तोंड पुसत होते तर म्हणाले, काल पडद्यापलीकडे तो आवाज कसला होता? मी म्हटलं, पलंगाचा. ते म्हणाले, मला आवाज शिकवू नकोस. मग मी खरं सांगितलं. म्हणाले, मी उभ्या जन्मात कुठल्या यंत्रावर असा जोर केला नाही, जे सुटत नाही ते सोडून देतो माणूस. माझ्यावर करू देऊ नकोस. मी म्हटलं, तुम्ही हे टकळीला सांगा. तर म्हणाले, ती भांडेल माझ्याशी, आणि तिच्याशी भांडायला लागतो तेवढा श्वास आता माझ्याकडे नाही. तू सांभाळ.

माझं काम काय होतं, ते मीच नंतर शंभर मुलींना शिकवलं. रुग्ण बोलला ते लिहायचं, डॉक्टरांना सांगायचं, घरच्यांसमोर ठेवायचं. मी फक्त डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, लिहू नका सिस्टर, लिहिलंत तर मुलगी आपल्याला कोर्टात उभं करेल, आणि मुलीच्या मनासारखं केलं तर म्हाताऱ्याचे हाल. मग म्हणाले, वेळ आलीच तर हळू हाताने.

हा शब्द आमच्या वॉर्डातला होता. कुठल्याही वहीत तो सापडणार नाही. ज्याला जाऊ द्यायला हवं पण घरचे जाऊ देत नाहीत, त्याच्यासाठी तो असायचा. सगळं करायचं, पडदा, स्टूल, श्वास द्यायची पिशवी, इंजेक्शनं, धावपळ, फक्त छातीवरचा हात हलका. कोपर ताठ ठेवलं तर जोर छातीत उतरतो. कोपर किंचित वाकवलं की तो हातातच मुरतो, पण पलंग तितकाच हलतो. बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. नव्या मुलींना हे कुणी शिकवायचं नाही, त्या बघून शिकायच्या. मीही तशीच शिकले होते.

त्या दिवशी सकाळी काकांना जरा बरं वाटत होतं. खिडकीजवळच्या पलंगावरचा पोस्टमन त्या दिवशी घरी जाणार होता. काका मला म्हणाले, तो पलंग मला मिळेल का गं उद्यापासून? रस्त्यावरचे आवाज ऐकू येतील. मी म्हटलं, बघते की. आणि पुढच्या पलंगाकडे गेले. टकळे, जो माणूस उद्याचा पलंग मागतो त्याला पुन्हा एकदा विचारायला हवं होतं. काका, परवा म्हणालात ते तसंच ना अजून? एवढंच वाक्य होतं. मला ते सुचलं नव्हतं असं नाही. पोस्टमनचा रक्तदाब घेताना ते माझ्या तोंडात आलं होतं. पण ते नाही म्हणाले असते तर मला डॉक्टरांपुढे, वॉर्डातल्या सगळ्यांपुढे सगळं उलटं मांडावं लागलं असतं. आणि माझ्यापुढे सतरा पलंग अजून बाकी होते. मी विचारलं नाही.

अकरा वाजता तू तपासणीचे रिपोर्ट आणायला खाली गेलीस, आणि सव्वाअकराला ते थांबले. मी घंटी वाजवली, स्टूलवर चढले, धाकटी नर्स पिशवी घेऊन डोक्याशी उभी राहिली. त्या मजल्यावर हृदयाचे ठोके दाखवणारं मशीन एकच होतं आणि ते दुसऱ्या पेशंटला लावलेलं होतं, म्हणून दर दोन मिनिटांनी थांबून मानेवर बोटं ठेवून बघायचं काम माझ्याकडे. मोठे डॉक्टर आले, माझ्याकडे एकदा बघितलं, मी कोपर वाकवलं. तेवढ्यात तू वर आलीस. पडद्याच्या फटीतून तुझा अर्धा चेहरा दिसत होता, हातात तो पिवळा लिफाफा. त्यानंतर मी तुझ्याकडे बघितलं नाही. मला दरदरून घाम सुटला होता. तू त्या घामाबद्दल किती जणांना सांगितलंस! खरा जोर लावला तर इतका घाम येत नाही गं. खोटा लावायला जास्त ताकद लागते, प्रत्येक वेळी स्वतःला आवरावं लागतं.

आता जे लिहिते ते डॉक्टरांनाही माहीत नाही. चौथ्यांदा थांबून बोटं ठेवली तेव्हा मला काहीतरी लागलं. एक ठोका. मग अंतराने अजून एक, असं वाटलं. माझ्याच बोटांचं असेल, दमलेल्या हाताची नाडी स्वतःच उडते, हे आम्ही सगळ्या जाणतो. असेलही तसं. डॉक्टरांनी विचारलं, "काही?" मी म्हटलं, "नाही." आणि पुन्हा छातीवर हात ठेवले, हलके. ते ठोके खरे असते तर जोराने दाबून ते परत आले असते का, आले असते तर दोन तास, की दोन दिवस, की खिडकीजवळचा एक आठवडा, मी या सगळ्याची बेरीज करून थकले आहे. पण "थांबा, परत बघते" एवढं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही, कारण माझं ठरून गेलं होतं. ते त्यांनी ठरवलं होतं की मी, हे त्या क्षणी मला वेगळं करता आलं नाही. आजही येत नाही.

बावीस मिनिटांनी डॉक्टरांनी वेळ सांगितली. तू आत आलीस, माझ्या गळ्यात पडलीस, आणि आधी माझाच चेहरा पुसलास. "किती दमलीस गं," म्हणालीस. त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझा घाम कुणी पुसला नव्हता. मी पुसू दिला. नंतर तर सोपंच होत गेलं. माझ्या निरोपसमारंभात तू कुणी न बोलावता माइक हातात घेतलास, बावीस मिनिटांची गोष्ट सांगितलीस, सगळ्या नर्सेस उठून टाळ्या वाजवत होत्या. पहिल्या रांगेत मोठे डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे बघत बसले होते. ज्या मुली बघून बघून शिकल्या होत्या त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

हळू हात चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. त्यांनी मागितला होता, आणि त्यांची ती कागदासारखी हाडं मी रोज हाताळत होते. तुझी मागणीही चुकीची नव्हती, तू लेक होतीस. पण तुम्हा दोघांना एकमेकांशी भांडू द्यायला हवं होतं. श्वास पुरला असता नाहीतर नसता. तुमचं ते शेवटचं भांडण मी माझ्या खिशात घालून ठेवलं, आणि वर अठरा वर्षं आभार घेतले.

हे सगळं आजच का, ते सांगते. तुझ्या पत्राबरोबर तो छापील कागद आला. ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला, आणि त्यात किंवा त्यानंतर तू बोलू शकली नाहीस तर तुझ्या वतीने निर्णय घेणार मी. लेक लांब आहे आणि रडूबाई आहे, म्हणून तू माझं नाव घातलंस, आणि तुझी इच्छा काय, या रकान्यात एकच ओळ लिहिलीस: बाबांसाठी लढली तशी माझ्यासाठी लढेल, तिला सगळं कळतं. मला सगळं कळत नाही, टकळे. तुला नक्की काय हवंय तेही कळत नाही, कारण ती ओळ ज्या दिवसावर उभी आहे तो दिवस तसा नव्हता. म्हणून सही न करता कागद परत पाठवते आहे. माझं नाव खोडायचं असेल तर खोड, मला कारण कळवायची गरज नाही. आणि ठेवायचंच असेल, तर ती ओळ काढ आणि तिथे तुला खरोखर काय हवं ते लिही, लढायचं की सोडायचं, आणि लढायचं तर कुठवर. मग लेकीला बोलावून माझ्यासमोर ते वाचून दाखव, आणि काय भांडायचं ते दोघी भांडून घ्या. त्यानंतर मी सही करेन. आणि नऊ तारखेच्या सकाळी, तुला आत नेण्याआधी, मी पुन्हा विचारेन. तू वैतागशील, किती वेळा तेच तेच विचारतेस म्हणशील. वैताग. मी विचारणार.

तुझीच, हा शब्द तुला अजून चालत असेल तर,
घुमी