शेवटचा पीळ तुमचाच

प्रिय बाबा,

पत्राची सुरुवात अशीच करतात, म्हणून ‘प्रिय’ लिहिलं आहे. त्याचा याहून जास्त अर्थ काढू नका.

तुमच्या वर्षश्राद्धाला आठवणींची एक पुस्तिका काढायचं दादाने ठरवलं आहे. प्रत्येकाने एक पान लिहायचं आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर वाचायचं. महिनाभर तो माझ्या मागे लागला होता आणि मी नाही म्हणत होते. माझ्याजवळ फक्त एक संशय होता, आणि संशयावर मी लिहीत नाही. आज तुमच्या लाल गाडीचे स्पार्क प्लग मी बदलले. आता लिहिते.

गाडी धक्के देत होती. “दर्शू, तूच बघ ना,” दादा म्हणाला. “पण आईला कळू देऊ नकोस.” आईला कळलंच. ओटीवरून ओरडली, “परत हात लावतेस गो त्या गाडीला? एकदा लाज घालवलीस ती पुरे नाय झाली?”

त्या गोष्टीला सहा वर्षं झाली, बाबा. तुम्ही गेलात, पण तुमचं वाक्य आईच्या तोंडात ठेवून गेलात.

तुम्हाला आठवतं, ती गाडी घरी आली तेव्हा कळव्यातल्या आपल्या आळीत पहिल्यांदा कोणी बॉनेट उघडून आत पाहिलं असेल तर ते मी? पोरं बाहेरून फोटो काढत होती. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून सगळ्यांना आवाज ऐकवत होता. मी तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते. तुम्ही म्हणालात, “ही माझी इंजिनियर. रस्त्याकडचा गाळा हिच्या गॅरेजला ठेवलाय.” पाच माणसांसमोर म्हणालात. तुमचा शब्द म्हणजे शब्द, असं ती पाचही माणसं म्हणाली. किती खुळी होते मी! त्याच रात्री वहीत गॅरेजचा नकाशा काढला. लिफ्ट कुठे, कॉम्प्रेसर कुठे, हात धुवायचं बेसिन कुठे.

आणि दुसरी एक गोष्ट आठवते का? आपल्या घरात काहीही कोणी आवळलं, तरी शेवटचा पीळ तुमचा असायचा. गॅसचा रेग्युलेटर, नळाची चकती, सायकलचं चाक, लोणच्याच्या बरणीचं झाकण. आई बसवायची, तुम्ही येऊन वरून आणखी एकदा पिळायचात. आजोबांपासूनची रीत, असं सांगायचात. मिठागरात खाडीचं पाणी अडवायची उघाडीची फळी कोणीही बसवो, शेवटचा दाब आजोबांचा. त्यांनी पाय देऊन फळी दाबल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. एकदा दुसऱ्या कोणी दाबली, तर रात्री भरती आत शिरली आणि पिकलेलं मीठ विरघळून गेलं. हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की ती भरती मी स्वतः पाहिल्यासारखी वाटते.

पण लाकूड पाण्यात फुगतं, बाबा. जास्त दाबलं तर ते जास्त घट्ट बसतं. प्लग बसतो ते इंजिनाचं ॲल्युमिनियम तसं नसतं. तो मऊ धातू आहे. त्यातले आटे एका मर्यादेपर्यंत धरतात, मग ताणतात, आणि त्यानंतर काही न सांगता सोडतात. हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, “पुस्तकात असंल.”

दादाच्या लग्नाच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मी शेवटच्या वर्षाला होते. नवरदेवाच्या गाडीचे प्लग मी बदलते, असं मीच म्हटलं. इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं होतं. प्लग बसतात त्या चारही विहिरींमधली धूळ हवा मारून काढली. प्रत्येक प्लग आधी बोटांनी फिरवत खाली नेला, म्हणजे आटा तिरका बसत नाही. मग कॉलेजच्या वर्कशॉपमधून मागून आणलेल्या टॉर्क रेंचने आवळला. ठरलेला जोर आला की तो रेंच ‘टक्’ करतो. चार वेळा टक्. प्रत्येक प्लगवर एक कॉइल बसते आणि ती एका बोल्टने धरलेली असते. ते चार बोल्टही आवळले आणि बोल्टच्या डोक्यावरून कॉइलपर्यंत नेलपॉलिशची एकेक सरळ लाल रेघ ओढली. प्लगला हात लावायचा तर आधी कॉइल काढावी लागते, आणि बोल्ट नंतर कोणी हलवला तर ती रेघ तुटते. कारखान्यांत पिवळा रंग लावतात, माझ्याकडे नेलपॉलिश होतं.

तुम्ही बघून हसलात. “गाडीला पण नटवलीस?”

मग मी मेंदी काढायला बसले. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले. आणि बाहेर बॉनेट आपटल्याचा आवाज आला. मी विचारलं, “कोण आहे गाडीपाशी?” तुम्ही म्हणालात, “कोण नाय. सुकव तू हात.”

मी सुकवले. तेवढी एकच चूक माझी.

लग्नाच्या दिवशी काटई नाक्याच्या थोडं पुढे बॉनेटखाली फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि गाडी खडखडायला लागली. चौथा प्लग आटे ओरबाडून, कॉइलसकट बाहेर उडाला होता. वहिनीच्या माहेरी, मोहन्याच्या हॉलवर मुहूर्ताला अर्धा तास उरलेला. दादा शेवटी बँजो पार्टीच्या टेम्पोत चढला, ढोलाला टेकून, एका हाताने फेटा सांभाळत. हॉलच्या दारात वहिनीचे मामा म्हणाले, “आमचा जावई वाजत आला का वाजवत आला?” सगळे हसले. खरं तर तिथेच संपलं असतं. हसण्यासारखंच होतं ते.

तुम्हाला मात्र हसून घेणं जमलं नाही. तुम्ही बँजोवाल्याचा माईक घेतलात. का? माईकशिवाय ऐकू येत नव्हतं का कोणाला? म्हणालात, “माझीच चूक. बाईच्या हातात पाना दिला. आमच्या इंजिनियर पोरीनं प्लग घातलेले, ते उडाले.” दोन्ही घरांची माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. माझ्या हातांवरची मेंदी चांगली रंगली होती, एवढं मला आठवतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. माझं नाव ‘प्लगवाली’ पडलं. माझी यायची वेळ झाली की गाडीची किल्ली तुमच्या खिशात जायची. गाळा दादाच्या मोबाईलच्या दुकानाला गेला. मी विचारलं तेव्हा तुम्ही जेवत होता, मान वर न करता म्हणालात, “लोकांच्या गाड्या उडवाच्या हायेत का तुला?” मी नकाशाची वही रद्दीत घातली. घरात सगळे तुम्हाला ‘तू’ म्हणायचे. मी त्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हणायला लागले. तुम्हाला वाटलं, पोरीला शिक्षण लागलं. पाहुण्यांना कौतुकाने सांगायचात.

आता मी डोंबिवली एमआयडीसीत एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे टॉर्क रेंच खरं बोलतात की नाही ते तपासते. कुठलंही इंजिन स्वतः उघडत नाही. सहा वर्षांत एकदाही उघडलं नाही. त्या सकाळी चौथ्या प्लगला टक् ऐकू आला होता की मला नुसता वाटला, हे मी किती वेळा आठवून पाहिलं असेल? मोजलेलं नाही. मोजता आलं असतं तर मोजलं असतं.

अर्धांगाच्या झटक्याने तुम्ही पाच महिने पडून होता. गाडी अंगणात होती, किल्ली माझ्या हाताशी होती. तरीही मी बॉनेट उघडलं नाही. उघडल्यावर चूक माझीच निघाली असती तर? संशय होता तोवर मला थोडी जागा होती.

त्याच दिवसांतली एक गोष्ट लिहून ठेवते, नाहीतर हे पत्र खोटं होईल. ऑक्सिजनचा सिलिंडर घरी आणला होता. रेग्युलेटर मी बसवला. तुमची वाचा गेली होती, उजवा हात गेला होता, पण डोळे त्या नटावर होते. मला कळलं तुम्हाला काय हवंय. मी पाना तुमच्या उजव्या हातात ठेवला. त्याच हातात, मुद्दाम. म्हटलं, “द्या, शेवटचा पीळ तुमचाच ना?” पाना फरशीवर पडला. मी उचलून परत ठेवला. परत पडला. आईला वाटलं, मी लाडाने करते आहे. तुम्हाला तसं वाटलं नाही. तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

त्याची लाज वाटते का? वाटते. आज सकाळपर्यंत जास्त वाटत होती.

आज बॉनेट उघडलं. चौथी कॉइल नवीन आहे, ती दुरुस्तीतली. बाकी तीन माझ्याच. नेलपॉलिश उष्णतेने तपकिरी झालं आहे, पण रेघा दिसतात. तीनही तुटलेल्या. बोल्टवरचा तुकडा एकीकडे, कॉइलवरचा दुसरीकडे. तीनही प्लग मी दिलेल्या जोराच्या जवळजवळ दुप्पट जोराने सुटले. सहा वर्षांची काजळी त्याला थोडी कारण असू शकते, म्हणून तो आकडा मी पुरावा धरला नाही. मग वॉशर पाहिले. बरोबर आवळलेला वॉशर थोडासाच दबतो. हे तीनही पापडासारखे सपाट होते. काजळीने वॉशर सपाट होत नाही, बाबा.

तरी एक शंका उरली होती. त्या दिवशी गाडी ओढून नेली ती विठ्ठलवाडीच्या बाळूमामांनी. तीन प्लग रुमालात बांधून दुपारी त्यांच्या गॅरेजवर गेले. विचारलं, “चौथा दुरुस्त करताना या तिघांना हात लावला होता का तुम्ही?”

“नाय. तुझा बाप लावूच देईना.”

“का?”

मामांनी हात पुसले. पुसून झाल्यावर परत पुसले. “आता तो गेला, म्हणून बोलतो. इथंच बसला होता, त्या टायरवर. चहा पण घेतला नाय. बोल्ला, बाळू, माझाच हात जड पडला. पोरीनं नीट लावलेले, मी परत पिळले.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“मी बोल्लो त्याला, जा, सांग पोरीला. तर बोल्ला, कसा सांगू? माईकवर बोलून बसलोय.” रुमालातले प्लग बघत मामा म्हणाले, “तो चौथा प्लग खिशात टाकून घेऊन गेला. मला पण शपथ घातली. त्याच्या घरचं मीठ खाल्लंय मी, पोरी.”

“मी पण खाल्लंय,” मी म्हटलं आणि निघाले.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! मी समजत होते की तुम्ही अडाणी होता. अडाणीपण मी माफ केलं असतं, खरंच केलं असतं. त्याची तयारी मी कधीपासून करून ठेवली होती. पण लग्नाच्याच आठवड्यात तुम्हाला माहीत होतं. गाळा दादाला देताना माहीत होतं. जेवताना मान वर केली नाहीत, तेव्हाही माहीत होतं. तो चौथा प्लग कुठे टाकलात? खाडीत? पुलावरून टाकलात तर आवाजही आला नसेल. एका टायरवर बसून बाळूमामांना जे सांगता आलं, ते घरी येऊन मला सांगायला काय लागलं असतं? माईकसुद्धा नको होता. मी ओट्यापाशी भांडी घासत असायचे, पाठीमागून सांगितलं असतंत तरी चाललं असतं.

विठ्ठलवाडीहून परत येऊन काम पूर्ण केलं. चार नवे प्लग. बोटांनी खाली नेले, लॅबमधून तपासून आणलेल्या रेंचने आवळले. चार वेळा टक्. या वेळी मोठ्याने मोजलं. आई ओटीवर येऊन उभी राहिली होती. मी रेघा ओढून रेंच पेटीत ठेवत होते, तेवढ्यात दादाने तुमचा तो लांब दांड्याचा पाना उचलला.

“एकदा बघू का गं, घट्ट आहेत का?”

“हात खाली ठेव, दादा.”

“अगं, नुसतं बघतो. बाबा पण...”

“हात खाली.”

त्याने ठेवला. मग गाडी चालू केली. गाडी गप्प, एकसारखी चालली. माझं सहा वर्षांपूर्वीचं कामही असंच चाललं असतं.

दादा म्हणतो, पुस्तिकेसाठी एखादी गोड आठवण लिही. मी ही लिहिली. त्याने छापली नाही तरी हरकत नाही. वर्षश्राद्धाला हॉल वेगळा असेल, पण माणसं तीच असतील. मोहन्याची असतील, वहिनीचे मामा असतील, बाळूमामांना मी स्वतः बोलावणं केलं आहे. तिथे माईकही असेल. हे तीन प्लग तुमच्या फोटोपुढे ठेवून मी हे पत्र पहिल्या शब्दापासून वाचेन. सिलिंडरपाशी मी काय केलं, तेही वाचेन. आई रडेल. मी थांबणार नाही.

मी वचन देते, बाबा, की जेवढं झालं तेवढंच वाचेन. एकही शब्द सैल सोडणार नाही. आणि माझं वाचून झाल्यावर वरून आणखी एक पीळ द्यायला तुम्ही नसाल.

तुमची मुलगी,
दर्शना