मागच्या भिंतीची वेल

४ जानेवारी

बोगनवेल! पुन्हा बोगनवेल! जगात दुसरी वेलच नाही असं या लोकांना शिकवतं तरी कोण?

आजचं नवीन गिऱ्हाईक म्हणजे टाइल्सच्या कारखान्याचा मालक. बंगला नुकताच बांधलाय. फाटकापासून न्हाणीघरापर्यंत स्वतःच्याच टाइल्स. अंगणात टाइल्स, कुंपणाच्या भिंतीला आतून-बाहेरून टाइल्स. मी विचारलं, "बाग करायची म्हणता, पण माती कुठे आहे?" तर खो खो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. इथे मी त्याला टाइल्सशेठच म्हणणार. त्यानं मला "माळीणबाई" म्हटलं, तेव्हा फिटंफाट.

"माळीणबाई, मला लाल पाहिजे, पिवळं पाहिजे. फाटकातून शिरल्या शिरल्या डोळ्यात भरलं पाहिजे!"

भरेल हो. कुसळासारखं भरेल.

बायको त्याच्या मागे उभी. दुसरेपणाची आहे — हेही त्यानंच सांगितलं, टाइल्सचा दर्जा सांगावा तसं. पस्तिशीची असेल. एक शब्द बोलली नाही. चहा आणला, कप ठेवले, पुन्हा मागे जाऊन उभी. पहिल्या बायकोची एक मुलगी आहे, विशीतली. वरच्या मजल्याच्या खिडकीत पुस्तक घेऊन बसलेली दिसली. "तिची तब्येत बरी नसते," शेठ म्हणाला. तब्येतीला काय धाड भरलीय! बसून खाण्याचा आजार असणार.

६ जानेवारी

फाटकाजवळच्या टाइल्स उखडायला शेठची परवानगी मिळाली. मिळाली म्हणजे काय, दात काढावा तशी काढून घेतली.

९ जानेवारी

आराखडा घेऊन गेले. पुढे तगर आणि अनंत, पांढऱ्यावर पांढरं. भिंतीकडेला तांबडी जास्वंद, पण एकाच जातीची. पोर्चच्या खांबांवर मधुमालती — पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल होते, म्हणजे शेठची लाल रंगाची हौसही भागेल. कोणालाही पटावं असं.

शेठनं कागद उलटा धरून पाहिला. "बोगनवेल कुठाय?"

"नाहीये."

"मग घाला की! पाचही रंगांची घाला. मार्च सुरू व्हायच्या आत सगळं फुललं पाहिजे. पाहुणे येणारेत. मुलीचं जमवतोय — माझ्या भागीदाराच्या घरात."

म्हणजे बाग नव्हे, दुकानाची काच सजवायचीय. आत काय मांडणार ते कळलंच.

निघताना मात्र नवल घडलं. बाईंना वाचा फुटली! फाटकापर्यंत माझ्याबरोबर आल्या आणि इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "मागच्या भिंतीला एक वेल हवी होती. वरच्या बाल्कनीपर्यंत जाणारी."

मागची भिंत मी पाहिलीय. दिवसभर सावली. तिथे काय फुलणार, कपाळ? तसं सांगितलं. तर म्हणतात, "फुलं नाही आली तरी चालेल."

फुलं नसलेली वेल! नवरा आंधळ्यासारखा रंग मागतोय, आणि बायकोला फुलंच नकोत. जोडी वरून ठरवून पाठवलेली दिसते.

१० जानेवारी

रात्री घरी ताई म्हणाली, "तुला सगळे मूर्खच कसे गं भेटतात?" मी म्हटलं, "मूर्खांनाच बाग आखून घ्यावी लागते. शहाणे आपापली लावतात." ताई वाटाणे सोलत बसली.

१४ जानेवारी

आज बाईंच्या वेलीचा पूर्ण सोहळा ऐकला. शेठ कारखान्यात होता.

मी त्यांना चांगला सल्ला दिला. सावलीच हवी तर बारीक पानांची, भिंतीला आपोआप चिकटणारी वेल आहे. तिला काही आधार लागत नाही. भिंत हिरवीगार करते. स्वस्त आणि मस्त.

"नाही," बाई म्हणाल्या. "चौकटीवर चढणारी हवी. लोखंडी चौकट करून घ्या."

"लोखंडी कशाला? बांबूची जाळी पुष्कळ झाली."

"लोखंडीच. भिंतीत पक्की बसवलेली. आणि आडव्या पट्ट्या फार जवळ जवळ नकोत."

"वेल कुठली लावायची ते तरी सांगा!"

"कुठलीही लावा. काटे नसलेली."

कुठलीही! मी इतकी वर्षं लोकांना जाई आणि जुईतला फरक समजावत घसा कोरडा केला, आणि या बाईंना चालते कुठलीही! म्हणजे वेल नकोच आहे, चौकट हवीय. मासिकात कुठेतरी फोटो पाहिला असणार. त्या भिंतीखाली मी गुलाब सुचवले होते, तेही नकोत. "काहीतरी मऊ लावा." मऊ! झुडपं की गाद्या?

वर बाल्कनीत मुलगी उभी होती, आमचं बोलणं ऐकत. मी वर पाहिल्यावर आत गेली. नमस्कार नाही, हसणं नाही. बाल्कनी दोघींची सामाईक आहे — एका बाजूला बाईंची खोली, दुसऱ्या बाजूला तिची. त्या बाल्कनीत दिवसातून एकदा तरी दोघी एकमेकींशी बोलत असतील का, शंका आहे. सावत्रच.

१९ जानेवारी

वेल्डरनं चौकट बसवली. वेल्डरसुद्धा हसला — "बाई, यावर वेल चढवायचीय की हत्ती?"

बाईंनी खाली उभं राहून दोन्ही हातांनी चौकट धरली आणि हिसडे दिले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. वेल्डरला म्हणाल्या, "तो वरचा बोल्ट अजून आवळा." मी गारवेल लावून मोकळी झाले. सावलीत रडतखडत वाढेल. वाढो न वाढो.

मागच्या फाटकाच्या वाटेवर त्यांनी कुंतीचं उंच कुंपण मागितलंय. तयार, पुरुषभर उंचीची झाडं आणा म्हणाल्या. पुढे नवऱ्याला सगळं दिसायला हवं, मागे बायकोला सगळं झाकायला हवं. मी मध्ये.

२० जानेवारी

बोगनवेली आल्या. पाचही रंग. टाइल्सवर ठेवल्या तर जत्रेतली खेळणी मांडल्यासारखं दिसतं. शेठ खूष! फोटो काढून भागीदाराला पाठवले.

२७ जानेवारी

आता कळलं!! आणि मीच कशी भोळी, इतके दिवस लागले.

दुपारी रोपांना पाणी घातलंय का पाहायला न सांगता गेले. मागच्या गल्लीतून शिरले, कारण पुढच्या फाटकाला नवा रंग दिलाय. तर मागच्या फाटकाशी बाई उभ्या, आणि बाहेर मोटरसायकलवर एक माणूस. निळा शर्ट, केसांत पांढरं डोकावतंय, दिसायला बरा. दोघं इतकं हळू बोलत होते की मला शब्दही ऐकू आला नाही. मला बघितलं मात्र, त्यानं किक मारली आणि गेला. बाईंचा चेहरा कणकेसारखा झाला.

"माळ्याची चौकशी करत होता," म्हणाल्या.

माळ्याची! मी समोर उभी असताना!

म्हणून चौकट लोखंडी. म्हणून काटे नकोत, म्हणून खाली मऊ. म्हणून कुंतीची झाडं पुरुषभर उंच! मी बाग आखत नव्हते, मी बाईसाहेबांच्या प्रेमप्रकरणाला जिना बांधून देत होते. तोही स्वतःच्या सहीनं.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "तुला काय माहीत?" मला काय माहीत! डोळे आहेत मला.

३० जानेवारी

झोप उडालीय. नीतीमुळे नव्हे, मी काही कोणाची आजेसासू नाही. संताप याचा की माझी हुशारी वापरली आणि मला कळू दिलं नाही.

२ फेब्रुवारी

तोंडावर विचारलं. शेवटी मला गप्प बसवत नाही.

बाई बाल्कनीखाली कुंड्या सारत होत्या. मी म्हटलं, "ही चौकट कशासाठी आहे ते मला समजलंय."

त्या वळल्या नाहीत. कुंडी धरून तशाच वाकलेल्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगणार यांना?"

नाकारलंसुद्धा नाही! मला वाटलं होतं रडारड होईल, शपथा होतील.

"सांगावंसं वाटतंय," मी म्हटलं. "निदान माझ्या कामाची अब्रू राहील."

"थोडे दिवस थांबा," त्या म्हणाल्या. "मग काय सांगायचं ते सांगा. माझं नाव घ्या हवं तर. मीच म्हटलं होतं म्हणा."

कसला निगरगट्टपणा! कुंडी मात्र हातातून निसटली. कुंडीतली माती सांडली, ती त्यांनी पंजानं गोळा केली आणि पुन्हा भरली.

५ फेब्रुवारी

सांगायचंच ठरवून गेले होते. खरंच. शेठच्या कारखान्यातल्या ऑफिसात बसले. वाक्यही जुळवून ठेवलं होतं — "मागच्या चौकटीबद्दल थोडं बोलायचंय."

त्यानं बसा म्हटलं नाही, मी बसले. तो फोनवर होता, भागीदाराशी. "पोरगी ऐकेल हो. न ऐकून जाते कुठे? फोन माझ्या कपाटात, सर्टिफिकिटं माझ्या कपाटात." हसला. फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून — "काय माळीणबाई, खत संपलं काय?"

मी उठले. म्हटलं, "हो. खत संपलं."

आणि बाहेर आले.

चांगुलपणा नव्हता तो, इथे खोटं कशाला लिहू? बाईंची कणव आली नाही. मुलीचीही नाही — आपल्या कागदांसाठी जिला भांडता येत नाही, ती बसो खिडकीत. त्या माणसाला माझ्याकडून एकही उपयोगाची गोष्ट कळू नये, एवढंच वाटलं. त्याच्या नाकाखालून बायको उतरून जाणार आणि तो पुढे उभा राहून बोगनवेली मोजणार! वाटेत मला हसू आलं. रिक्षावाला आरशातून बघत होता.

१२ फेब्रुवारी

शेठची बोगनवेल मरगळली. पाणी जास्त घालतात. सांगून सांगून थकले.

१८ फेब्रुवारी

गारवेलीला चार पानं फुटलीत. माझ्या आयुष्यातलं सर्वांत टुकार काम.

२३ फेब्रुवारी

गेल्या! बाई गेल्या!

दुपारी जेवण होऊन ताई आडवी झाली होती तेवढ्यात फोन. शेठ. आधी नुसता श्वास, मग डरकाळी. "तुमच्या त्या लोखंडावरून माझ्या घरातलं माणूस गेलं! भरदिवसा! कोणी सांगितली होती ती चौकट? बोला! कोणी?"

बाईंनी सांगितलं होतं, माझं नाव घ्या म्हणून. जिभेवर आलंही.

"मीच सुचवली," मी म्हटलं. "वेलीला आधार लागतो."

"उद्याच्या उद्या कापून न्या! नाहीतर तुमचं या गावातलं काम बंद करतो!" फोन आपटला.

मी ताईला हलवून उठवलं. "बघ! म्हटलं नव्हतं? गेली निळ्या शर्टाबरोबर!" ताई डोळे चोळत म्हणाली, "बरं झालं की." बरं काय झालं? एका पुरुषाच्या घरातून दुसऱ्याच्या मोटरसायकलवर — एवढ्यासाठी इतकी अक्कल खर्च केली! आता शेठ बसेल टाइल्सवर एकटा, आणि ही बाई कुठल्यातरी दुसऱ्या स्वयंपाकघरात दुसऱ्या कोणाच्या मागे चहाचा कप घेऊन उभी राहील. अगदी कीव येते दोघांची. आणि मुलगी? ती वाचत असेल खिडकीत. तिला पत्ताही नसेल.

तरी शेठचा तो आवाज ऐकायला मिळाला. बिल बुडालं तरी चालेल.

२४ फेब्रुवारी

वेल्डरला घेऊन चौकट कापायला गेले. बेल वाजवली.

दार बाईंनी उघडलं.

डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत गेलेला. त्यांनी मागे बघितलं, घर रिकामं होतं, शेठ मुलीला शोधायला गेला होता. मग हळूच म्हणाल्या, "पोचली ती. तिच्या मामानं नेलं. तुम्ही पाहिलंत ना त्यांना, मागच्या फाटकाशी. नर्सिंगला नाव घातलंय. कागद मी काढून दिले कपाटातून."

"आणि तुम्ही?" मी म्हटलं. "तुम्हालाही उतरता आलं असतं की."

"हे खाली दारातच बसले होते. ती खोलीत झोपलीय, असं यांना सांगायला घरात कुणीतरी हवं होतं ना."

वेल्डर मागे वायर सोडत होता. मी त्याला म्हटलं, गुंडाळ. मग तिथूनच शेठला फोन लावला — मशीन बिघडलंय, चौकट एवढ्यात निघत नाही.