सरासरीत न दिसणारे शोध

प्रिय ढब्बू,

आईची काळजी करू नकोस, तिचा गुडघा आता बरा आहे. माझंच अंग आंबून गेलंय. दिवसभर ऑफिसच्या त्या गार खोलीत स्वेटर घालून बसते, आणि घरी जेवताना घास हातातच राहून डोळे मिटतात. आई विचारते, एवढं काय दळतेस गं तिथे?

तिला काय सांगू? आमच्या ऑफिसला हॉस्पिटलांसाठी रुग्णांच्या नोंदी शोधायचा नवा सर्च डेटाबेस घ्यायचाय, तीन कंपन्यांचे आलेत, आणि त्यांतला एक तुझ्या कंपनीचा. मी साहेबांना आधीच म्हटलं होतं, हा माझ्या सख्ख्या भावाचा आहे, चाचणी दुसऱ्या कुणाला द्या. ते हसले. म्हणाले, भावाला बहिणीइतकं कडक कोण तपासणार?

मग तिघांनाही सारखे सर्व्हर दिले, सारखी मेमरी, आणि तेच बनावट रुग्णांचे रेकॉर्ड. नुसती नावं शोधून भागत नाही रे. नर्स घाईत अर्धंच नाव टाइप करते, अक्षरं चुकवते, आणि त्याच वेळी तिकडे नवे रुग्ण नोंदले जात असतात. मी तशीच गर्दी उभी केली. सरासरी वेगात तुझा पहिला आला! खुर्चीतून उडालेच मी. लहानपणी तू रेडिओ खोलून पुन्हा जोडलास आणि तो बोलायला लागला, तेव्हा उडाले होते ना, अगदी तशी.

नंतर एकेका शोधाचा वेळ वेगळा काढला. बहुतेकांची उत्तरं क्षणात येत होती. पण नोंदणी वाढली की काही शोध अडकून बसायचे, माणूस वैतागून पुन्हा बटण दाबेल इतके. बाकी दोघांत तसं होत नव्हतं. मला वाटलं, माझंच सेटिंग चुकलं. तुमच्या सूचना ओळ न् ओळ वाचल्या, सगळं पुसून पुन्हा मांडलं, शोधाच्या सूचीचा इंडेक्स नव्याने बांधला. तरी तेच. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी साहेब म्हणाले, अहो, सरासरी मागितलीय, सरासरी द्या आणि मोकळ्या व्हा.

झाले असते मोकळी. कुणी विचारलंही नसतं. पण दारात स्ट्रेचर थांबलंय आणि नर्स रिकाम्या स्क्रीनकडे बघतेय, हे काही डोळ्यांसमोरून हलेना.

आज सकाळी अहवाल दिला. अडकलेले शोध पहिल्याच पानावर लिहिलेत. काम दुसऱ्या कंपनीला जाईल, ढब्बू. उद्या तुला साहेबांचा फोन येईल, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून ही मेल. फोन केला असता, पण मी रडले असते आणि तूच मला समजावत बसला असतास. चाचणीची सगळी मांडणी सोबत जोडलीय, कुठे अडकतं ते तुला माझ्याआधी सापडेल. आई रोज विचारते, धाकट्याच्या त्या हॉस्पिटलांच्या कामाचं काय झालं? तपासणारी मीच, हे तिला अजून ठाऊक नाही. रविवारी ये. तिला दोघं मिळून सांगू.

बोलला नाहीस तरी तुझीच,
ताई